राहेल आणि लेआ

संस्कृतात ‘सपत्नी’ म्हणजे एकाच पतीच्या अनेक स्त्रियांपैकी एक. या शब्दावरूनच पुढे ‘सपत्न’ हा पुल्लिंगी शब्द तयार झाला, आणि त्याचा अर्थ झाला शत्रू. रणांगणावरच्या वैऱ्याला नाव देण्यासाठी भाषेला घरातल्या माजघरात जावे लागले, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. आपली ‘सवत’ आणि आपला ‘सापत्नभाव’ हे त्याच कुळातले शब्द. आणि हा अनुभव केवळ भारतीय भाषांचाच आहे असे नाही. यहुदी लोकांच्या प्राचीन हिब्रू भाषेत सवतीला ‘त्सारा’ म्हणतात. संकट, कोंडी, जाच या अर्थांनीही तोच शब्द येतो. दोन दूरच्या संस्कृतींनी, एकमेकींना न विचारता, सवतीसंबंधी सारखीच साक्ष दिली आहे.

आज ज्या दोन सवतींविषयी मला बोलायचे आहे त्या सख्ख्या बहिणी होत्या. त्यांची कथा हिब्रू धर्मशास्त्राच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या ग्रंथात आली आहे. मराठी ख्रिस्ती घरांतून आणि कोकणातील बेने इस्रायल समाजातून त्यांची नावे परिचयाची आहेत. इतर श्रोत्यांनी ती कदाचित ओझरती ऐकली असतील. म्हणून कथा थोडी मुळापासून सांगितली पाहिजे.

याकोब हा इसहाकाचा धाकटा मुलगा. बाप आंधळा झालेला. आईच्या, म्हणजे रिबकेच्या, सांगण्यावरून थोरल्या भावाची वस्त्रे अंगावर घालून याकोबाने बापाकडून थोरल्याचा आशीर्वाद मिळवला, आणि भावाच्या रागाच्या भयाने तो हारानला मामाकडे पळून गेला. हारान आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिणेस, सीरियाच्या सरहद्दीजवळ आहे. तेथे विहिरीवर त्याला मामाची धाकटी मुलगी राहेल दिसली. बापाची मेंढरे घेऊन ती पाण्याला आली होती. मामाची मुलगी म्हटल्यावर भाच्याचे मन तिकडे का ओढले, हे महाराष्ट्रातील श्रोत्यांना तरी समजावून सांगायला नको. याकोबाजवळ देज देण्यासारखे काही नव्हते. त्याने सात वर्षे मामाची चाकरी पत्करली. आणि राहेलवरच्या प्रेमापायी ती सात वर्षे त्याला थोड्या दिवसांसारखी वाटली, असे ग्रंथ सांगतो.

सात वर्षांनी लग्न झाले. रात्र उलटून उजाडल्यावर याकोबाने पाहिले, तर शेजारी राहेल नव्हती, थोरली लेआ होती. त्याने मामाला जाब विचारला. लाबान शांतपणे म्हणाला, की आमच्याकडे थोरलीच्या आधी धाकटी देण्याची रीत नाही. अंधत्वाचा फायदा घेऊन ज्याने थोरल्याचा मान घेतला, त्यालाच अंधारात थोरली मिळाली, आणि थोरलेपणाचा धडाही वर ऐकावा लागला. आठवड्याने राहेलही त्याला दिली गेली, आणखी सात वर्षांच्या चाकरीच्या करारावर.

येथवरची कथा बहुतेक जण याकोबाच्या बाजूने वाचतात. फसवला गेला तो याकोब! पण त्या रात्री त्या मंडपात आणखी एक व्यक्ती होती, आणि तिला कोणी काही विचारले नव्हते. नवऱ्याच्या तोंडावरची निराशा पाहत जिने आपल्या संसाराची पहिली सकाळ काढली, त्या लेआविषयी ग्रंथ फार थोडे सांगतो. तिचे डोळे कसे होते, एवढेच एक वाक्य. तेथील हिब्रू शब्दाचा अर्थ कोणी ‘अधू’ करतात, कोणी ‘कोमल’. यहुदी शास्त्रज्ञांची परंपरा या डोळ्यांपाशी थांबली. रिबकेला दोन मुलगे, लाबानाला दोन मुली. थोरली थोरल्याला जाणार, असे लोक बोलत. आणि रासवट एसावाच्या घरी जावे लागणार या भयाने रडून रडून लेआचे डोळे अधू झाले, असे ते सांगतात. तालमूदमध्ये याच्या जोडीला आणखी एक आख्यान आहे. मामा फसवील हे ओळखून याकोबाने आणि राहेलने आपसांत काही खुणा ठरवल्या होत्या. पण ऐन वेळी बहीण चारचौघांत अपमानित होईल हे राहेलला पाहवेना, आणि तिने त्या खुणा लेआला सांगून टाकल्या. मूळ ग्रंथात यातले काही नाही. तरी ज्यांनी शेकडो वर्षे ही कथा वाचली, त्यांना या वैराच्या मुळाशी एक मोठे औदार्य असले पाहिजे असे वाटावे, हे मला महत्त्वाचे वाटते.

पुढचा भाग मुलांचा. लेआवर पतीचे प्रेम नाही हे ईश्वराने पाहिले आणि तिची कूस उजवली. राहेलची मात्र रिकामी राहिली. एकीला पती मिळाला, दुसरीला मुले. प्रत्येकीजवळ दुसरीला हवे ते होते, आणि आपल्याजवळचे कोणालाच पुरेसे वाटत नव्हते.

लेआने मुलांना जी नावे ठेवली ती म्हणजे तिच्या मनाची रोजनिशीच होय. पहिला रऊबेन. ‘पाहा, मुलगा!’ असा त्याचा अर्थ. आता तरी पती प्रेम करील, ही त्यामागची आशा. दुसरा शिमोन, ‘ऐकणे’ या शब्दावरून. आपण नावडत्या आहोत हे देवाने ऐकले, म्हणून. तिसरा लेवी, ‘जडणे, जोडला जाणे’ या अर्थाचा शब्द त्यात आहे. तीन मुलगे दिल्यावर तरी पती आपल्याशी जोडला जाईल! आशा पाहा कशी उतरत गेली आहे. प्रेमापासून आरंभ झाला आणि नुसत्या जवळ असण्यावर ती येऊन ठेपली. मग चौथा मुलगा झाला. त्याचे नाव तिने यहूदा ठेवले. त्याचा संबंध ‘स्तुती’शी आहे. या वेळी ती पतीचे नाव काढीत नाही, बहिणीचेही नाही. या वेळी मी देवाची स्तुती करीन, एवढेच तिचे म्हणणे. चार नावांत हे पहिलेच नाव असे आहे की ज्यात कोणाकडून काही मागितलेले नाही.

एखाद्या कीर्तनकाराने कथा येथेच थांबवली असती. लेआला शांती लाभली असे म्हणून त्याने गजर केला असता. उत्पत्तीचा ग्रंथकार तसे करीत नाही, आणि म्हणूनच त्याच्यावर विश्वास ठेवावासा वाटतो. यहूदाच्या जन्मानंतरही लेआ पुन्हा हिशेबाला लागते. मनाची ती मोकळी अवस्था येते आणि जाते. माणसाचे असेच चालते.

इकडे राहेल जळत होती. मुले दे, नाहीतर मी मरते, असे ती नवऱ्याला म्हणाली. याकोब संतापला. तुझी कूस ज्याने बंद केली त्या देवाच्या जागी मी आहे काय, असा उलट प्रश्न त्याने केला. धर्मशास्त्र म्हणून पाहिले तर उत्तर बिनचूक आहे. पण त्याच्या बापाने, इसहाकाने, अशाच प्रसंगी काय केले होते? रिबकेला मूल होईना तेव्हा त्याने तिच्यासाठी देवाची विनवणी केली होती. याकोबाने राहेलसाठी प्रार्थना केल्याचा उल्लेख नाही. प्राचीन यहुदी भाष्यकारांनी आपल्या या मूळपुरुषाची येथे गय केलेली नाही. दुःखाने पिळलेल्या माणसाला असे उत्तर देतात काय, असे त्यांनी देवाच्याच तोंडून याकोबाला विचारवले आहे. ‘देवाची इच्छा’ हे शब्द खरे असूनही केव्हा केव्हा किती निर्दय होऊ शकतात, हे त्यांनी ओळखले होते. आपल्याकडेही मूल नसलेल्या सुनेला हे शब्द कोण, कोठे आणि कोणत्या स्वरात ऐकवते, ते आठवून पाहावे.

मग राहेलने आपली दासी बिल्हा नवऱ्याला दिली. ही रीत त्या भूप्रदेशात जुनी होती. इराकमधील किरकुकजवळ नुझी नावाच्या प्राचीन नगराचे उत्खनन १९२५ ते १९३१ या काळात झाले. तेथे सापडलेल्या मातीच्या पाट्यांवर असा एक विवाह-करार आहे की पत्नीला मूल न झाल्यास तिने नवऱ्याला दासी आणून द्यावी. त्याहून जुन्या हम्मुराबीच्या संहितेतही व्रतस्थ पत्नीने नवऱ्याला दासी देण्याविषयी कलम आहे. बिल्हेला दान आणि नफताली हे मुलगे झाले. नफताली म्हणजे झुंज; बहिणीशी आपण मोठी झुंज घेतली आणि जिंकलो, असे राहेल म्हणाली. दुसरीच्या पोटच्या मुलाला हे नाव! लगेच लेआने आपली दासी जिल्पा पुढे केली. गाद आणि आशेर झाले. बिल्हा आणि जिल्पा यांना काय वाटले हे ग्रंथ सांगत नाही. त्या काळी ते कोणाला विचारावेसेही वाटले नसेल. निदान आपण वाचताना त्यांच्यापाशी क्षणभर थांबावे.

मुलांच्या मोजदादीतून पेटणारी ही ईर्ष्या महाभारताच्या वाचकाला नवी नाही. कुंतीला मुलगा झाल्याचे कळताच गांधारीने आपल्या पोटावर आघात केला. आणि एका आवाहनात माद्रीला जुळे झाले तेव्हा तिच्यासाठी पुन्हा मंत्र वापरायला कुंतीने नकार दिला. ही आपल्या पुढे जाईल, असे भय तिला वाटले. कुंतीसारख्या स्त्रीलाही ते वाटले, हे विसरता कामा नये.

हारानकडे परत येऊ. गव्हाच्या कापणीच्या दिवसांत छोट्या रऊबेनला रानात काही फळे सापडली, आणि ती त्याने आईला आणून दिली. हिब्रूत त्यांना ‘दूदाईम’ म्हणतात. त्या शब्दाचे नाते प्रेमवाचक शब्दाशी आहे. ही वनस्पती आपल्या वांग्याच्या आणि धोतऱ्याच्या कुळातली. फळ लहान, पिवळसर, सुवासिक. मूळ फाटे फुटलेले, माणसाच्या आकृतीसारखे दिसणारे, आणि विषारी. तिच्या सेवनाने मूल होते, अशी भूमध्य समुद्राच्या भोवतालच्या लोकांची फार जुनी समजूत होती. राहेलने ती फळे मागितली. लेआ उसळून म्हणाली, की माझा नवरा घेतलास तेवढे थोडे झाले म्हणून आता मुलाने आणलेली फळेही घेतेस? शेवटी सौदा ठरला. फळे राहेलला, त्या रात्री याकोब लेआकडे. संध्याकाळी तो शेतावरून आला तेव्हा लेआ त्याला सामोरी गेली आणि मी तुला मोलाने घेतले आहे, असे तिने सांगितले. याकोब मुकाट्याने गेला. ज्याच्यासाठी दोघी झुरत होत्या तो येथे देवघेवीची वस्तू झाला आहे.

आता गंमत अशी, की फळे राहेलला मिळाली आणि गर्भ राहिला तो लेआला. इस्साखार, मग जबुलून, मग मुलगी दीना. ग्रंथकार या ठिकाणी औषधाची टिंगल करीत नाही, उपदेशही करीत नाही. तो फक्त घटना क्रमाने मांडतो. त्यानंतर देवाने राहेलची आठवण केली असे एक छोटे वाक्य येते, आणि तिला मुलगा होतो. त्या फळांचा तेथे उल्लेखही नाही. झुंज, दासी, वनौषधी, सौदा हे सारे उपाय संपल्यावर, आणि त्यांच्यापैकी कशाचेही फळ म्हणून नव्हे, योसेफ आला.

दीनेविषयी तालमूदमध्ये एक सुंदर आख्यान आहे. सातव्या वेळी लेआने मनाशी हिशेब केला. याकोबाला बारा मुलगे व्हायचे आहेत. सहा मला झाले, चार दासींना. आताही मुलगाच झाला तर राहेलच्या वाट्याला एकच उरेल, आणि माझी बहीण दासींहूनही उणी ठरेल. म्हणून तिने प्रार्थना केली, आणि पोटातल्या मुलाची मुलगी झाली. लग्नाच्या रात्री राहेलने जे दिले होते ते लेआने असे परत केले.

राहेलने मुलाचे नाव योसेफ ठेवले. देव आणखी एक देवो, असा त्याचा भाव. हातात बाळ आहे आणि नाव पुढच्याचे! ती प्रार्थनाही फळाला आली. याकोबाचा परिवार कनान देशात परतल्यावर, एफ्राथच्या म्हणजे बेथलेहेमच्या वाटेवर, राहेल दुसऱ्यांदा बाळंत झाली आणि त्यातच गेली. जाता जाता तिने मुलाला बेनओनी, ‘माझ्या दुःखाचा पुत्र’, म्हटले. बापाने ते बदलून बन्यामीन केले. मुले न मिळाल्यास मरेन म्हणणारी मुले होताना मेली. काही भाष्यकारांनी यात शिक्षा शोधली आहे. मला ते पटत नाही. त्या काळी, आणि त्यानंतरही कितीतरी शतके, बाळंतपण म्हणजे स्त्रीला मरणाच्या दारातून जाणेच होते. त्यासाठी पाप शोधायला नको.

मग या सर्वांत ईश्वरी योजना कोठे आहे? श्रद्धावान वाचक सहसा येथे लगेच वंशावळ काढतात. लेवीच्या वंशात मोशे आणि अहरोन; यहूदाच्या वंशात दावीद राजा, आणि ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे येशूही. नावडतीच्या पोटी एवढे वैभव! हे खरे आहे. पण लेआला त्यातले काय ठाऊक होते? आणि राहेलच्या अश्रूंना त्याचा काय उपयोग? माझ्या मते योजनेचा धागा दिसतो तो बऱ्याच पुढे, मुलांच्या पिढीत.

आयांचे वैर मुलांनी वारशाने घेतले होते. याकोबाने योसेफाला डोक्यावर चढवले. भावांनी त्याला वीस रुपे घेऊन विकले, आणि विकण्याची सूचना केली ती लेआच्या यहूदाने. पुढे दुष्काळ पडला. योसेफ मिसर देशाचा अधिकारी झालेला. भाऊ धान्यासाठी त्याच्यापुढे उभे, पण त्याला न ओळखता. त्याने युक्तीने धाकट्या बन्यामीनाला चोर ठरवून ठेवून घेण्याचा निर्णय दिला. राहेलचा उरलेला मुलगाही आता जाणार. तेव्हा यहूदा पुढे आला. त्याने आपल्या वृद्ध बापाची हकीकत सांगितली, आणि त्यात बापाचे एक वाक्य जसेच्या तसे सांगितले: माझ्या बायकोने मला दोन मुलगे दिले. ‘माझी बायको’, आणि दोनच मुलगे! हे वाक्य उच्चारणारा यहूदा त्या बायकोचा मुलगा नव्हता. आपली आई त्या हिशेबात नाही, आपणही नाही, हे ज्याने जन्मभर ऐकले, त्याने ते अधिकाऱ्यापुढे शांतपणे सांगितले, आणि म्हटले, या मुलाच्या जागी मला गुलाम करून ठेवा. हा परत गेला नाही तर म्हातारा जगणार नाही.

लेआच्या ज्या मुलाच्या नावात काही मागणे नव्हते, त्यानेच राहेलच्या मुलासाठी स्वतःला देऊ केले. हे ऐकून योसेफाला अश्रू आवरेनात, आणि त्याने आपली ओळख दिली.

याकोब वारल्यावर भावांना पुन्हा भय वाटू लागले. ते योसेफाच्या पाया पडले. त्याने त्यांना विचारले, मी देवाच्या जागी आहे काय? बापाने राहेलला रागाने विचारलेला तोच प्रश्न तिच्या मुलाने क्षमा करताना विचारला. आणि मग म्हणाला, की तुम्ही माझे वाईट योजले होते, देवाने त्यातून पुष्कळांचे प्राण वाचवण्याचे योजले. देवाच्या योजनेविषयी इतके स्पष्ट बोलणे या सबंध घराण्याच्या कथेत योसेफाच्याच तोंडी येते. हे बोलणारा मनुष्य खड्ड्यात टाकला गेलेला, विकला गेलेला, तुरुंगात राहिलेला होता. आणि हे तो स्वतःच्या दुःखाविषयी बोलत होता, दुसऱ्याच्या नव्हे. राहेल रडत होती तेव्हा तिला असे कोणी सांगितल्याचे ग्रंथात नाही, आणि ते नाही हेच बरे आहे.

पुढे लेवीय ग्रंथात नियम आला, की एका बहिणीच्या हयातीत दुसरीला तिची सवत करून आणू नये. एवढ्या थोर घराण्यात जे घडले त्याचा आदर्श न मानता नियमाने ते बंद करण्याचे धैर्य त्या लोकांनी दाखवले.

दोघी बहिणी मृत्यूनंतरही जवळ नाहीत. लेआ हेब्रोनच्या मखपेला गुहेत, घराण्याच्या दफनभूमीत आहे, आणि आपल्यालाही तेथेच ठेवावे असे याकोबाने मरताना सांगितले. म्हणजे पतीशी ‘जोडले जाणे’ तिला लाभले ते असे. राहेलला वाटेवरच पुरले. बेथलेहेमजवळ तिची म्हणून मानली जाणारी कबर आहे. मूल व्हावे म्हणून स्त्रिया आजही तेथे प्रार्थनेला येतात, आणि त्या कबरीभोवती गुंडाळलेला लाल दोरा मनगटाला बांधून घरी जातात.

याच बेथलेहेमच्या वेशीत, पुष्कळ पिढ्यांनंतर, एक लग्न ठरले. वधू रूथ, परक्या मवाब देशातली, विधवा, निपुत्रिक. गावच्या वडील माणसांनी वराला आशीर्वाद दिला, की तुझ्या घरी येणारी ही स्त्री, ज्या दोघींनी मिळून इस्राएलाचे घर बांधले, त्यांच्यासारखी होवो. गाव होते यहूदाच्या वंशाचे. आशीर्वाद देणारे सारे लेआची लेकरे. त्यांनी नावे घेतली ती अशी: राहेल आणि लेआ.